पाहुण्याला ओटा, किल्ली आपल्याकडे



आपल्या मालेगाव तालुक्यातल्या बऱ्याच गटांचं काम आता वहीबरोबर मोबाईलवरही चालतं. बैठकीची आठवण व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, बचतीचा हिशेब गुगल शीटवर भरला जातो आणि मोठी ऑर्डर आली की कोणतं काम कोणाकडे आहे हे दाखवणारा फळासुद्धा मोबाईलवर मांडता येतो. सोय मोठी आहे. पण काम जिथे आलं तिथे पाहुणेही आले. ऑर्डर देणारे दुकानदार म्हणतात, ‘ताई, काम कुठवर आलं ते मलाही दिसू द्या.’ हिशेब तपासणारे म्हणतात, ‘फाइल उघडून द्या.’ लेबलचं चित्र काढून देणारी कॉलेजची मुलगी म्हणते, ‘मावशी, मला आत घ्या, म्हणजे मी तिथेच ठेवते.’

या प्रत्येकाला किती आत घ्यायचं, किती दिवस ठेवायचं आणि ही परवानगी गटातल्या कोणी द्यायची, याबद्दल आज बोलू या. जमलं तर कागद-पेन जवळ ठेवा. शेवटी एक छोटा ठराव सांगणार आहोत, तो उतरवून घ्या.

पेटीचा नियम आपल्याला माहीत आहे

संगणकाचं नाव निघालं की आपल्यातल्या काही जणी म्हणतात, ‘ते पोरांचं काम.’ पण परवानगी देणं-काढणं हे काम आपण पहिल्या बैठकीपासून करत आलो आहोत. गटाची पेटी एकीच्या घरी असते आणि किल्ली दुसरीच्या. बँकेतून पैसे काढायचे तर ठरावात नाव असलेल्या दोघींच्या सह्या लागतात. बँकेचे साहेब गावात आले की वही बघतात, दोन प्रश्न विचारतात, चहा घेतात. पण आपल्या वहीत पेन चालवत नाहीत. वही लिहिते ती सचिव किंवा आपली लेखनिक ताई. बघणारा वेगळा, लिहिणारा वेगळा आणि पेटी उघडणारा आणखी वेगळा.

नाबार्डनं १९९२ साली ५०० गटांपासून गट आणि बँक यांची जोडणी सुरू केली. तारण नसलेल्या बायकांना बँकेनं कर्ज द्यायचं ते कशाच्या भरवशावर? नियमित बैठक, नियमित बचत, वेळेवर परतफेड आणि नीट लिहिलेली वही यांच्याच भरवशावर. म्हणजे वहीची शिस्त हेच आपलं तारण.

ही वही संगणकात जायला सुरुवात झाली तीही आपल्या शेजारीच. नाबार्डनं १५ मार्च २०१५ रोजी ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, तेव्हा प्रयोगासाठी देशातले दोनच जिल्हे घेतले होते. एक झारखंडमधला रामगढ आणि दुसरा आपल्या उत्तरेला लागून असलेला धुळे. प्रत्येक सदस्याची बचत, कर्ज आणि परतफेड संगणकावर नोंदवायची आणि गटाची स्थिती बँकेला तिथूनच बघता यावी, अशी त्याची मांडणी. त्यातही नोंदी भरणारी व्यक्ती एक आणि त्या बघणारी बँक दुसरी. पेटीचा जुना नियमच तिथे संगणकात गेला.

मग आपण स्वतः मोबाईलवर शीट उघडतो, फळा मांडतो, तेव्हा हाच नियम का सुटावा? सुटतो, कारण मोबाईलवर परवानगी द्यायला एक बोट पुरतं. पेटी उघडताना चार जणी समोर बसलेल्या असतात. लिंक पाठवताना कोणीच नसतं.

कामाचा फळा म्हणजे काय

काम वाटून घेण्याची सॉफ्टवेअरं अनेक आहेत. त्यातलं ट्रेलो हे समजायला सोपं, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. भिंतीवर एक फळा आहे, त्यावर तीन रकाने आखले आहेत: ‘करायचं’, ‘चालू आहे’, ‘झालं’. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. ‘कापड आणणे’, ‘छपाईचा नमुना ठरवणे’, ‘पहिल्या ५०० पिशव्या शिवणे’. काम पुढे सरकलं की चिठ्ठी पुढच्या रकान्यात लावायची. ट्रेलोत या फळ्याला बोर्ड म्हणतात आणि चिठ्ठीला कार्ड. चिठ्ठीवर फोटो, बिल, तारीख, जबाबदार ताईचं नाव, सगळं लावता येतं. सहा गावांतल्या बायका एकाच ऑर्डरवर काम करत असतील तर हा फळा खरोखर फेऱ्या वाचवतो.

ट्रेलोत आपल्या सगळ्या फळ्यांचं मिळून एक घर असतं, त्याला वर्कस्पेस म्हणतात. घरातली माणसं म्हणजे सदस्य. जो घरातला नाही, पण एखाद्या फळ्यापुरता आत घेतला आहे, तो गेस्ट, म्हणजे पाहुणा. पाहुण्याला तोच फळा दिसतो, घरातले बाकीचे फळे दिसत नाहीत. इथवर बरं आहे. पण लक्षात ठेवायची गोष्ट पुढे आहे: ज्या फळ्यावर पाहुणा घेतला, त्या फळ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या त्याला दिसतात. एखादी चिठ्ठी त्याच्यापुरती झाकून ठेवता येत नाही. आणि मोफत प्रकारात असा पाहुणा साधारणपणे चिठ्ठ्या हलवू शकतो, बदलूही शकतो.

म्हणून पहिला धडा असा. पाहुण्यापासून एखादी चिठ्ठी लपवायची गरज पडली, की समजावं की त्याच्यासाठी फळाच वेगळा हवा.

ओटा, चूल आणि किल्ली

गुगल शीट किंवा गुगल ड्राइव्हमधल्या फाइलींना परवानगीच्या पायऱ्या असतात. नावं इंग्रजी आहेत, पण अर्थ आपल्या घरातलाच आहे.

पहिली पायरी व्ह्यूअर. हा ओट्यावर बसलेला पाहुणा. बघतो, पण कशाला हात लावत नाही. मात्र बघणाऱ्याला फाइल उतरवून घेता येते, तिची नक्कल करता येते. नको असेल तर फाइलीच्या मालकिणीनं शेअरच्या पानावरच्या दातेरी चाकात जाऊन ती सोय बंद करायची. तरीही समोर दिसणाऱ्या पानाचा फोटो कोणीही काढू शकतं. दाखवलं ते दाखवलं, एवढं मनाशी पक्कं असू द्या.

दुसरी पायरी कमेंटर. हा ओट्यावरूनच ‘मीठ कमी वाटतं’ असं सांगणारा. कडेला शेरा लिहितो, मूळ आकड्याला हात लावू शकत नाही.

तिसरी पायरी एडिटर. हा थेट चुलीशी आला. भाजीत मीठ टाकू शकतो, भांडं रिकामंही करू शकतो. आणखी एक: मालकिणीनं ती सोय बंद केली नसेल तर एडिटर स्वतःच आणखी पाहुणे आत आणू शकतो. आपण एकाला आत घेतलं आणि त्यानं चौघांना, असं होतं ते इथे. ही सोयसुद्धा त्याच दातेरी चाकात बंद होते. हे काम संगणकावर सोपं जातं.

सगळ्यात वर ओनर, म्हणजे मालक. किल्ली तिच्याकडे. फाइल पुसणं, कोणाला काढणं, कोणाला घेणं, शेवटचा शब्द तिचा.

सुरुवात नेहमी खालच्या पायरीपासून करावी. पाहुण्याला नुसतं बघून भागत असेल तर शेरा लिहायची परवानगी कशाला? शेऱ्यानं भागत असेल तर चुलीशी कशाला? गरज दिसली तर पायरी वाढवायला अर्धा मिनिट लागतो. आधीच वाढवून ठेवलेली पायरी कमी करताना मात्र माणूस दुखावतो.

दोन हजार पिशव्यांचा हिशेब

एक उदाहरण धरून चालू. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशव्यांची मागणी वाढली. कापड तर आपल्या मालेगावच्या यंत्रमागांवरच विणलं जातं. समजा, आपल्या ग्रामसंघाला नाशिकच्या एका दुकानदारांकडून २,००० पिशव्यांची ऑर्डर आली. एका पिशवीला कापड १८ रुपये, शिलाई ७, छपाई ३, वाहतूक २, असा ३० रुपये खर्च. विकायची ३८ रुपयांना. पिशवीमागे ८ रुपये, म्हणजे गटाला १६,००० रुपये उरतात.

आता दुकानदारांनी काम बघायला मागितलं आणि आपण त्यांना पूर्ण फळ्यावर घेतलं. त्या फळ्यावर ‘खर्चाचा हिशेब’ नावाची चिठ्ठी आहे. त्यांनी ती वाचली. पुढच्या वेळी ते म्हणणार, ‘ताई, तुम्हाला ३० लाच पडते, ३४ करा.’ त्यांचं काही चुकलं नाही, व्यापारी भाव करणारच. पण ४ रुपये कमी झाले तर २,००० पिशव्यांमागे ८,००० रुपये गेले. एका चिठ्ठीनं निम्मा नफा नेला.

तर मग कोणाला काय द्यायचं? एकेक पाहुणा घेऊ.

दुकानदारांना किती पिशव्या झाल्या आणि माल कधी पोहोचेल, एवढंच हवं. त्यासाठी त्यांना आत घ्यायचीही गरज नाही. दर शनिवारी एक फोटो आणि दोन ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या की काम झालं. प्रत्येकाला आत बोलावलंच पाहिजे असं नाही. काही पाहुण्यांना दारातूनच निरोप सांगितला तरी पुरतं.

छपाई करणाऱ्यांना मजकूर, माप आणि रंग हवा. त्याची एक वेगळी फाइल करून त्यांना कमेंटर करा. अक्षर चुकलं असेल तर ते कडेला लिहितील, बदलणार आपण.

लेबलचं चित्र काढणाऱ्या मुलीला तिचं काम ठेवायला जागा हवी. एक फोल्डर करा, त्यात फक्त चित्रं. त्या फोल्डरवर तिला एडिटर करा. मात्र फोल्डरमध्ये नंतर जे काही टाकाल ते तिलाही दिसणार, म्हणून त्यात बिलं टाकू नका.

हिशेब तपासणाऱ्यांना बिलं आणि खर्चाची शीट हवी. त्यांना व्ह्यूअर करा आणि तपासणी संपण्याची तारीख लिहून ठेवा. ऑर्डरचा हिशेब तपासायला सदस्यांच्या कर्जाची शीट लागत नाही.

आणि पिशव्या शिवणाऱ्या बायका? त्या पाहुण्या नाहीत, घरच्या आहेत. कोणी किती पिशव्या शिवल्या आणि तिचे किती रुपये झाले, हा आकडा त्या प्रत्येकीला दिसलाच पाहिजे. बाहेरच्या चौघांना सगळं दिसतं आणि जिनं शिलाई केली तिला आपल्याच मजुरीसाठी विचारत फिरावं लागतं, असं कुठे होत असेल तर ती परवानगी उलटी लागली आहे. परवानग्या लावताना आधी घरच्यांचा हक्क बघावा आणि मग पाहुण्यांची सोय.

फसवणाऱ्या चार जागा

काही ठिकाणी आपल्याला वाटतं झाकलं आहे, पण झाकलेलं नसतं.

एक, शीटची खालची पानं. गुगल शीटमध्ये खाली टॅब असतात. पहिल्या टॅबवर ऑर्डर आणि तिसऱ्या टॅबवर सदस्यांची कर्जं. आपण ‘फक्त ऑर्डर दाखवायला’ फाइल पाठवली तरी अख्खी वही गेली. टॅब लपवून ठेवला तरी तो भरवशाचा पडदा नव्हे. बघणारा फाइलीची नक्कल करून तो उघडू शकतो. टॅबला कुलूप लावलं तरी त्यानं फक्त बदल अडतो, नजर अडत नाही. उपाय एकच: बाहेर दाखवायचं ते वेगळ्या फाइलीत ठेवा.

दोन, उघडी लिंक. शेअर करताना दोन पर्याय येतात. रिस्ट्रिक्टेड म्हणजे नाव घेतलेल्यांनाच प्रवेश. एनीवन विथ द लिंक म्हणजे ज्याच्या हाती लिंक पडली त्या कोणालाही. दुसरा पर्याय सोपा, म्हणून बोट तिकडे जातं. पण ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर एका गटातून दुसऱ्या गटात गेली की दार सताड उघडं. संगणकावर शीट उघडल्यावर वरच्या कोपऱ्यात एखाद्या प्राण्याचं चित्र आणि ‘अ‍ॅनॉनिमस’ असं लिहिलेलं दिसलं, तर समजा की लिंकवरून कोणी निनावी माणूस आत येऊन बसला आहे. गुगल अशांना प्राण्यांची नावं देतं.

तीन, पब्लिक फळा. ट्रेलोच्या फळ्याला प्रायव्हेट, वर्कस्पेस आणि पब्लिक अशा दिसण्याच्या पातळ्या असतात. पब्लिक केलेला फळा जगात कोणालाही दिसतो, गुगलवर शोधूनही सापडू शकतो. ही घसरण फक्त खेड्यातल्या बायकांची होते असं समजू नका. २०१८ साली कुशाग्र पाठक या संशोधकाला खुद्द संयुक्त राष्ट्रसंघाच्या कर्मचाऱ्यांचे असे कितीतरी ट्रेलो फळे आणि गुगलच्या फाइली उघड्या सापडल्या. त्यांत पासवर्डसुद्धा होते. शिकलेली, मोठ्या पगाराची माणसं. पण परवानगीचं बटण बघायचं राहिलं. म्हणून हे काम हुशारीपेक्षा सवयीचं आहे.

चार, चुकून झालेला बदल. एडिटरनं नावांचा एकच रकाना क्रमानं लावला आणि बाकीचे रकाने तसेच राहिले, तर सुमनचं कर्ज सखूच्या नावावर दिसायला लागतं. घाबरू नका. संगणकावर शीट उघडून व्हर्जन हिस्टरी बघितली तर कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं आणि जुनी प्रत परत आणता येते. पण हे लक्षात यायला कागदाची वही हवी. म्हणून वही बंद करू नका. महिन्यातून एकदा बैठकीत शीट आणि वही ताडून बघा.

मालक कोण, हे आधी विचारा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गटाची शीट किंवा फळा पहिल्यांदा कोणी बनवून दिला? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘प्रशिक्षणाला आलेल्या सरांनी,’ ‘भाच्यानं,’ ‘आधीच्या ताईंनी.’ त्यांनी तो कोणत्या खात्यातून बनवला? स्वतःच्या. म्हणजे मालक ते. आपल्या वीस बायकांची दहा वर्षांची बचत ज्या फाइलीत आहे, त्या फाइलीत आपण एडिटर आहोत, तेही त्यांनी ठेवलं तोवर. आपल्याच घरात आपण पाहुण्या झालो.

यात कोणाच्या मनात वाईट असेलच असं नाही. पण सरांची बदली होते, भाचा पुण्याला नोकरीला जातो, जुना नंबर बंद पडतो. गुगलचं मोफत खातं सलग २ वर्षं वापरलं नाही तर ते पुसून टाकलं जाऊ शकतं आणि त्या खात्याच्या मालकीच्या फाइलीही जाऊ शकतात.

म्हणून गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या नावानं एक स्वतंत्र ईमेल खातं काढा. फाइलींची मालकी त्या खात्याकडे घ्या. जुन्या मालकानं फाइल गटाच्या खात्याकडे सोपवायची आणि गटाच्या खात्यातून ती स्वीकारायची, तेव्हाच मालकी बदलते. खातं परत मिळवण्यासाठी जो मोबाईल नंबर द्यावा लागतो तो सचिवांचा द्या आणि दुसरा ईमेल अध्यक्षांचा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, म्हणजे पासवर्ड कोणाला कळला तरी दुसरी खूण मिळाल्याशिवाय दार उघडणार नाही. पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, त्यावर दोघींच्या सह्या करून पेटीत ठेवा. पदाधिकारी बदलल्या की त्याच बैठकीत पासवर्ड आणि नंबर बदला. बँकेतल्या सह्या बदलतो, तसंच हे.

सरकारी अ‍ॅपवर भरलेल्या नोंदींनाही हेच लागू. ज्या ताईच्या नावानं लॉगिन दिलं आहे तिनंच ते वापरायचं. ‘जरा तुझा पासवर्ड दे, मी भरून टाकतो’ म्हणणारा कितीही ओळखीचा असला तरी नोंदीखाली नाव तुमचं लागतं.

घरातला मोबाईल

हे बोलायला थोडं अवघड आहे, पण बोलायला हवं. आपल्यातल्या अनेकींचा मोबाईल फक्त आपला नसतो. दिवसा तो मुलाच्या हातात असतो, संध्याकाळी मालकांच्या. त्या मोबाईलवर गटाचं खातं उघडं राहिलं तर अख्खं घर गटाचा पाहुणा होतं.

गटात आपण काय काय बोलतो ते आठवा. एखादीनं दवाखान्यासाठी कर्ज घेतलं, ते तिनं सासरी सांगितलेलं नाही. एखादीचे तीन हप्ते थकले आहेत आणि गटानं समजून घेऊन मुदत दिली आहे. एखादी नवऱ्याला न सांगता मुलीच्या शिक्षणासाठी बचत करते आहे. बैठकीत हे बोललं जातं, कारण ते पारापर्यंत जाणार नाही अशी खात्री असते. ती यादी दुसऱ्याच्या हातातल्या मोबाईलवर दिसली तर आकडा तोच राहतो, पण ती बाई पुढच्या बैठकीला येत नाही. तिची बचत थांबते आणि तिची अडचण पुन्हा सावकाराच्या ओट्यावर जाते. परवानगीचं बटण म्हणजे शेवटी एका बाईची अब्रू आहे.

म्हणून गटाचं मुख्य खातं दोघींच्याच मोबाईलवर उघडा. काम झालं की बाहेर पडा, म्हणजे साइन आउट करा. गुगल खात्यात ‘युअर डिव्हाइसेस’ अशी यादी असते. हे खातं कोणकोणत्या मोबाईलवर उघडं आहे ते तिथे दिसतं आणि नको असलेला मोबाईल तिथूनच बाहेर काढता येतो. महिन्यातून एकदा ती यादी बघा. आणि सदस्यांच्या कर्जाची शीट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकूच नका. प्रत्येकीला तिचा आकडा तिच्या पासबुकावर लिहून द्या.

पाहुण्याला निरोप

पाहुणा आला की चहा देतो, तसा तो निघाला की दारापर्यंत जातो. मोबाईलवर हे दुसरं काम राहून जातं. ऑर्डर संपते, प्रदर्शन संपतं, पण सहा महिन्यांनीही ते नाव यादीत तसंच असतं. परवानगी आपोआप संपण्याची तारीख घालायची सोय गुगलच्या मोफत खात्यात नसते. म्हणून परवानगी देतानाच वहीत चार रकाने भरा: कोणाला, कशाची, कोणत्या पायरीची, कधीपर्यंत. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवरही लिहा, दुधाच्या हिशेबाशेजारी.

काढताना दोन गोष्टी बघा. व्हॉट्सअ‍ॅप गटातून काढलं म्हणजे शीटमधून काढलं असं होत नाही. ही वेगवेगळी दारं आहेत, प्रत्येक वेगळं लावावं लागतं. आणि नाव काढलं, पण फाइल एनीवन विथ द लिंक वर असेल, तर तो माणूस जुन्या लिंकवरून पुन्हा येऊ शकतो. आधी लिंक रिस्ट्रिक्टेड करा, मग नाव काढा. ‘काम संपलं, आभारी आहोत, आता फाइल बंद करतो,’ असा एक संदेश पाठवला की कोणी रागावत नाही.

विचारून मगच दाखवा

सदस्यांची माहिती ही सदस्यांची असते, गटाकडे ती विश्वासानं ठेवलेली असते. २०२३ साली संसदेनं व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. कोणाची माहिती घ्यायची तर कशासाठी ते तिला समजेल असं सांगावं, तिची संमती घ्यावी, कामापुरतीच घ्यावी आणि दिलेली संमती तिला परतही घेता यावी, हे त्या कायद्यातलं तत्त्व आहे. आपल्यासाठी त्याचा साधा अर्थ असा, की फॉर्मवर जे मागितलं नाही ते देऊ नका आणि दिलेलं कोणाला दाखवायचं असेल तर बैठकीत विचारा.

आधारचा फोटो शीटला किंवा चिठ्ठीला लावू नका. द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. आणि माहिती बाहेर गेल्यामुळे कोणाच्या खात्यातून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

पुढच्या बैठकीतला ठराव

आता ठराव उतरवून घ्या.

‘आजच्या बैठकीत असं ठरलं की गटाच्या सर्व ऑनलाइन फाइली गटाच्या स्वतःच्या खात्याच्या मालकीच्या राहतील. बाहेरच्या व्यक्तीला परवानगी देताना अध्यक्ष आणि सचिव या दोघींची संमती लागेल. परवानगी कामापुरती आणि ठरलेल्या तारखेपर्यंतच असेल व तिची नोंद वहीत होईल. सदस्यांची कर्जं, आधार आणि बँक खाते क्रमांक असलेली फाइल कोणत्याही पाहुण्याला दाखवली जाणार नाही. दर महिन्याच्या बैठकीत परवानग्यांची यादी मोठ्यानं वाचली जाईल.’

शेवटचं वाक्य गाळू नका. बचतीचा आकडा आपण मोठ्यानं वाचतो म्हणून तो सगळ्यांचा होतो. यादीही मोठ्यानं वाचली की ज्या ताईला स्क्रीन वाचता येत नाही तीही विचारेल, ‘हे कोण? हे अजून आत कसे?’ तो प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही.

या आठवड्याचं काम एवढंच. गटाची सगळ्यात महत्त्वाची फाइल उघडा, शेअरच्या बटणावर बोट ठेवा आणि दोन गोष्टी बघा: मालक म्हणून कोणाचं नाव आहे आणि खाली किती नावं आहेत. प्रत्येक नावाशेजारी वहीत लिहा, हे नाव कशासाठी आहे. ज्या नावापुढे काही लिहिता येणार नाही, त्याच्यावर पुढच्या बैठकीत निर्णय घ्या.